प्रवासातील जुलाब : अहवालात तीन जिवाणू आले, तर आजार नेमका कोणामुळे?

रानजाई यांचा प्रश्न

आग्नेय आशियातील प्रवासात मला जुलाबांचा त्रास झाला. पाण्यासारखे शौच, पोटात कळा आणि सुरुवातीला अंगात ताप असे त्याचे स्वरूप होते. शौचातून रक्त मात्र पडले नाही. बरोबरच्या एका प्रवाशाकडे सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या होत्या. त्या घेऊनही उतार पडला नाही आणि आजार आपल्याच गतीने ओसरला. परत आल्यानंतरही पोट अधूनमधून बिघडत असल्यामुळे डॉक्टरांनी शौचाची पीसीआर, म्हणजे जंतूंची जनुके शोधणारी, तपासणी करवून घेतली. तिच्या अहवालात एन्टेरोटॉक्सिजेनिक ई. कोलाय, एन्टेरोॲग्रिगेटिव्ह ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर अशी तीन नावे आली आहेत. डॉक्टरांनी तूर्त कोणतेही औषध न देता वाट पाहण्यास सांगितले आहे. त्यांच्या सल्ल्याविषयी माझी तक्रार नाही. मला हा विषय समजून घ्यायचा आहे.

ई. कोलाय निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो असे आपण शाळेपासून वाचत आलो, मग तोच आजाराचे कारण कसा ठरतो? तीन जिवाणू एकाच वेळी सापडले म्हणजे तिन्हींनी मिळून मला आजारी पाडले, की खरा कर्ता एकच आणि इतर दोघे केवळ तेथे होते? शिवाय जिवाणूचे नाव कळल्यामुळे उपचारांत काही फरक पडतो का, की प्रवासात नाव न कळताच उपचार करावे लागतात हेच वास्तव आहे? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

कणाद यांचे उत्तर

आपल्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती फिटली की दुसरी निम्मी सुटते.

ई. कोलाय हे एका जातीचे नाव आहे, परंतु त्या जातीतील वाणांमध्ये जनुकांचा फरक विलक्षण मोठा असतो. आतड्यात निमूटपणे राहणारा वाण आणि जुलाब घडवणारा वाण नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, सारखेच वाढतात आणि सारखेच दिसतात. भेद असतो तो काही मोजक्या जनुकांचा, आणि ती जनुके बहुधा प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर असल्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊही शकतात. याच कारणाने हे रोगकारक वाण साध्या शौचतपासणीतून अनेक वर्षे निसटत राहिले.

प्रवाशांच्या जुलाबांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के जुलाब जिवाणूंमुळे होतात, असे मानले जाते. उरलेल्यांमागे नोरोव्हायरससारखे विषाणू आणि जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी असतात. या जिवाणूंमध्ये जगभर सर्वाधिक आढळतो तो एन्टेरोटॉक्सिजेनिक ई. कोलाय, म्हणजेच ईटीईसी. त्याला आजार घडवण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहण्यासाठी सूक्ष्म तंतू आणि दुसरी म्हणजे विष. हे विष दोन प्रकारचे असते : एक उष्णतेने निकामी होणारे आणि दुसरे उष्णता सोसणारे. काही वाणांकडे दोन्ही असतात, काहींकडे एकच. पहिले विष रचनेने आणि कार्याने पटकीच्या विषाशी इतके मिळतेजुळते आहे की दोघांना भावंडे म्हणावे. ते पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढवते, तर दुसरे सायक्लिक जीएमपी या तशाच रेणूचे. मार्ग वेगळे असले तरी परिणाम एकच होतो. पेशीतून क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतले जाते आणि त्याच्यापाठोपाठ सोडियम व पाणी जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या साऱ्या प्रकारात अस्तराला जखम होत नाही. म्हणून ईटीईसीच्या जुलाबांत रक्त पडत नाही आणि ताप आलाच तर बेताचा येतो. ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत ओढून घेणारी पेशींची यंत्रणाही शाबूत राहते. जलसंजीवनी त्याच यंत्रणेच्या जोरावर काम करते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज व सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल ठेवले आहे ते याचसाठी. नुसते साखरेचे पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी हे काम करू शकत नाही.

एन्टेरोॲग्रिगेटिव्ह ई. कोलाय हा आपल्या अहवालातील दुसरा जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली तो पेशींवर रचलेल्या विटांसारखा थर करून बसलेला दिसतो. तो श्लेष्मल आवरणाला चिकटून जैवपटल, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, तयार करतो आणि काही वाणांमुळे जुलाब लांबतात. परंतु लक्षणे नसलेल्या माणसांतही तो पुष्कळदा सापडतो, त्यामुळे त्याचे नाव अहवालात दिसले की मी तरी लगेच निष्कर्ष काढत नाही.

कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला आणि साल्मोनेला यांची रीत निराळी आहे. हे अस्तराच्या पेशींमध्ये शिरतात, दाह निर्माण करतात, आणि मग ताप, तीव्र कळा, आव व रक्त ही लक्षणे दिसू शकतात. शिगेलाला आमाशयातील आम्ल फारसे बाधत नाही. १० ते १०० इतके थोडे जिवाणूसुद्धा माणसाला आजारी पाडू शकतात, म्हणून तो अस्वच्छ हातांवरूनही सहज पसरतो. याउलट ईटीईसीला लाखो-कोट्यवधींच्या संख्येने पोटात जावे लागते. याचा अर्थ असा की दूषित झालेले अन्न काही काळ कोमट राहून त्यात जिवाणूंची वाढ झालेली असावी लागते. कॅम्पिलोबॅक्टर अन्नात बाहेरच्या तापमानाला सहसा वाढत नाही, पण काही शेकड्यांत आले तरी त्याला पुरते. कच्च्या कोंबडीचे मांस, तेच कापलेली सुरी आणि त्याच फळीवर नंतर चिरलेली फळे हा त्याचा नेहमीचा मार्ग. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्या प्रवाशांना यातील बहुतेक जिवाणूंचा धोका अधिक असतो, हे सहसा कोणी आधी सांगत नाही.

समुद्री अन्नातून येणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, तसेच एरोमोनास आणि प्लेसिओमोनास यांचाही या यादीत समावेश होतो, पण ते तुलनेने मागे आहेत. जेवणानंतर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर तो बहुधा संसर्ग नसून स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा बॅसिलस सिरियस यांनी अन्नात आधीच तयार करून ठेवलेल्या विषाचा परिणाम असतो, आणि त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी असतात.

जुनी पाने यांचे उत्तर

कणाद यांनी विषांचा उल्लेख केला आहे, म्हणून थोडा इतिहास जोडतो. रोगकारक ई. कोलाय आतड्यात द्रव साठवतो, हे कोलकात्यातील शंभुनाथ डे यांनी १९५६ मध्ये सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात प्रयोग करून दाखवले होते. पटकीच्या विषाचे त्यांचे प्रसिद्ध काम त्यानंतरचे, १९५९ मधले. परंतु प्रवाशांच्या जुलाबांशी या निरीक्षणाची सांगड घालायला आणखी दशकभर लागले. १९७० मध्ये येमेनमधील एडनला गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या जुलाबांमध्ये ई. कोलायचा एक विशिष्ट प्रकार आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तोवर हवापालट, तिखट खाणे, अतिश्रम अशी कारणे गंभीरपणे दिली जात होती.

मला सर्वांत रंजक वाटते ती १९७४ मधील मेक्सिकोतील परिषद. ती पोटाच्याच विकारांवरील वैद्यकीय परिषद होती, आणि तिला आलेल्या डॉक्टरांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा प्रवासापूर्वीपासून परतीपर्यंत अभ्यास करण्यात आला. १२१ जणांपैकी ५९ जणांना, म्हणजे जवळजवळ निम्म्यांना, जुलाब झाले. ईटीईसी हेच सर्वांत ठळक कारण निघाले आणि त्याचा संबंध कच्च्या भाज्यांच्या सॅलडशी लागला. पोटाच्या तज्ज्ञांना विषयाचे ज्ञान उपयोगी पडले नाही, कारण धोका ताटात वाढल्या जाणाऱ्या पदार्थात आणि स्वयंपाकघराच्या स्वच्छतेत होता, आणि त्यांपैकी दुसऱ्या गोष्टीवर पाहुण्याचा ताबा नसतो.

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. कणाद यांच्या उत्तरावरून असे दिसते की मला ताप होता, म्हणजे कॅम्पिलोबॅक्टरकडे बोट जाते. पण मग रक्त का पडले नाही? आणि सिप्रोफ्लॉक्सासिनने काहीच का झाले नाही?

प्रवासवैद्य यांचे उत्तर

मी प्रवासी रुग्ण नेहमी पाहतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेवर लिहितो. मात्र हे सर्वसाधारण विवेचन समजावे. आपल्या डॉक्टरांनी आपल्याला तपासले आहे, मी नाही.

पीसीआर तपासणी जिवाणूच्या जनुकांचा माग काढते. ते जनुक जिवंत जिवाणूचे आहे की मेलेल्या, जिवाणू आजार घडवत आहे की नुसता वस्तीला आहे, हे ती सांगू शकत नाही. प्रवासावरून परतलेल्या, पण अजिबात आजारी न पडलेल्या लोकांच्या शौचातही ईटीईसी आणि एन्टेरोॲग्रिगेटिव्ह ई. कोलाय सापडतात, आणि एकाहून अधिक नावे येणे हे अपवादात्मक नसून नित्याचे आहे. त्यामुळे असा अहवाल लक्षणांशेजारी ठेवूनच वाचावा लागतो. ताप, तीव्र कळा, प्रवासाचा प्रदेश आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला न मिळालेला प्रतिसाद हे चारही धागे एकत्र पाहिले तर मलाही कॅम्पिलोबॅक्टरची शक्यता अधिक वाटते. रक्त नसणे त्याच्या विरोधात जात नाही, कारण कॅम्पिलोबॅक्टरच्या अनेक रुग्णांत जुलाब शेवटपर्यंत पाण्यासारखेच राहतात. तरीही ईटीईसीचा वाटा नव्हता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

आग्नेय आशियात इतर प्रदेशांच्या तुलनेने कॅम्पिलोबॅक्टरचे प्रमाण जास्त आढळते, आणि तेथील कॅम्पिलोबॅक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. थायलंडमधील एका निरीक्षणमालेत १९९१ पूर्वी असा प्रतिरोध आढळत नव्हता. १९९५ पर्यंत तपासलेल्या नमुन्यांपैकी ८४ टक्के नमुने प्रतिरोधी निघाले. चार वर्षांत एक औषध त्या जिवाणूपुरते हातातून गेले. आज त्या प्रदेशासाठी प्रतिजैविक द्यायचेच ठरले तर ॲझिथ्रोमायसिनला पसंती दिली जाते, आणि त्यालाही न जुमानणारे शिगेला व कॅम्पिलोबॅक्टर आता आढळू लागले आहेत.

आता उपचारांविषयी. प्रवासात नाव कळण्याची वाट पाहता येत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवैद्यकाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी जिवाणूच्या नावाऐवजी आणि दिवसातून किती वेळा जावे लागते या जुन्या मोजणीऐवजी आजार माणसाला किती अडवतो हा निकष धरला. ठरलेल्या कार्यक्रमात बाधा येत नसेल तर आजार सौम्य समजावा, आणि त्यात प्रतिजैविक घेऊ नये. त्रास होत असेल आणि कार्यक्रम बदलावे लागत असतील तर तो मध्यम. त्यात लोपेरामाइड हे आतड्याची हालचाल मंदावून जुलाब रोखणारे औषध एकटे किंवा प्रतिजैविकासोबत चालू शकते. माणूस पूर्ण अडकून पडला असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर तो तीव्र, आणि तेथे प्रतिजैविक द्यावे. रिफॅक्सिमिन हे औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे ते ईटीईसीसारख्या अस्तरात न शिरणाऱ्या जिवाणूंसाठी ठीक. ताप किंवा रक्त असेल तेथे त्यावर विसंबू नये. लोपेरामाइडही ताप किंवा रक्त असताना एकटे घेऊ नये, आणि लहान मुलांना देऊ नये.

एक अपवाद सांगणे आवश्यक आहे. ताप नसताना रक्ताचे जुलाब होत असतील तर शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायचा विचार करावा लागतो, कारण त्यात प्रतिजैविकांमुळे मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. २०११ मध्ये उत्तर जर्मनीत जी मोठी साथ आली, तिचे मूळ मेथीच्या मोडांत सापडले. तो जिवाणू मूळचा एन्टेरोॲग्रिगेटिव्ह होता आणि त्याने शिगा विषाचे जनुक मिळवले होते. तीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पन्नासच्या आसपास दगावले आणि तेथून परतलेले प्रवासी इतर देशांतही आजारी पडले. प्रगत देशात गेलो म्हणजे निश्चिंत झालो, असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

हिवतापाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला ताप आणि जुलाब एकत्र असतील, तर आधी हिवतापाची रक्ततपासणी करावी. हिवतापातही जुलाब होतात आणि त्यात उशीर परवडत नाही.

नित्यप्रवासी यांचे उत्तर

डॉक्टरांचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, परंतु व्यवहारात ते मला अवघड वाटते. कामासाठी वारंवार परदेशी जाणाऱ्या माणसाला आजार सौम्य आहे की मध्यम, हे ठरवण्याइतकी उसंत नसते. दुसऱ्या दिवशी महत्त्वाची बैठक असेल तर पहिल्याच जुलाबाला ॲझिथ्रोमायसिन घेऊन मोकळे व्हावे, असे माझे धोरण आहे, आणि आजवर त्याने काम केले आहे. त्यात इतके बिघडते काय?

कणाद यांचे उत्तर

बिघडते ते लगेच दिसत नाही, म्हणून हे धोरण यशस्वी वाटते. फिनलंडमधील ४३० प्रवाशांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जुलाब झाले नाहीत आणि ज्यांनी प्रतिजैविकही घेतले नाही, त्यांपैकी ११ टक्के लोक परतताना ईएसबीएल हे विकर तयार करणारे, म्हणजे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील बहुतेक औषधांना न जुमानणारे, जिवाणू आतड्यात घेऊन आले. जुलाब झाले पण प्रतिजैविक घेतले नाही, अशांत हे प्रमाण २१ टक्के होते, आणि जुलाबही झाले व प्रतिजैविकही घेतले, अशांत ३७ टक्के. नेदरलँड्समधील सुमारे २,००० प्रवाशांच्या अभ्यासातही प्रवासापूर्वी असे जिवाणू नसलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून थोडे अधिक लोक ते घेऊन परतले. बहुतेकांत ते काही आठवड्यांत नाहीसे झाले, पण सुमारे ११ टक्के लोकांत वर्षभरानंतरही टिकून होते, आणि घरातील माणसांपर्यंतही ते जाऊ शकतात. पुढे कधी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर नेहमीचे औषध लागू पडत नाही आणि त्याचे मूळ आपल्या त्या एका गोळीत असेल, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शिवाय उपचार न केलेले जिवाणूजन्य जुलाब बहुधा तीन ते सात दिवसांत आपोआप थांबतात आणि योग्य प्रतिजैविकाने त्यांतील साधारण एक ते दीड दिवस वाचतो. तीव्र आजारात तो दीड दिवस मोलाचा असतो, याबद्दल वाद नाही. बैठकीचीच अडचण असेल, रक्त किंवा ताप नसेल, तर पाणी-क्षारांची भरपाई आणि लोपेरामाइड यांवर ती बहुधा निभावते.

नित्यप्रवासी

ही आकडेवारी माझ्या वाचनात नव्हती. मग आजार होऊच नये म्हणून लस घेता येत नाही का? पटकीची तोंडावाटे घेण्याची लस याही जुलाबांवर चालते, असे ऐकले होते.

प्रवासवैद्य यांचे उत्तर

त्या ऐकिवात अर्धे तथ्य आहे. पटकीच्या एका लसीत विषाचा निरुपद्रवी भाग असतो आणि ईटीईसीचे उष्णतेने निकामी होणारे विष त्याच घडणीचे असल्यामुळे काही प्रमाणात उसने संरक्षण मिळावे, असा तर्क होता. पण केवळ उष्णता सोसणारे विष तयार करणाऱ्या वाणांवर तिचा उपयोग होत नाही, आणि कॅम्पिलोबॅक्टर व शिगेलाशी तर तिचा संबंधच नाही. प्रत्यक्ष चाचण्यांत प्रवाशांच्या जुलाबांविरुद्ध तिचा म्हणण्यासारखा फायदा सिद्ध झाला नाही. आधीपासूनच रोज प्रतिजैविक घेण्याचा पर्यायही सर्वसाधारण प्रवाशाला दिला जात नाही. युरोपीय औषध संस्थेने सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे या प्रतिबंधासाठी वापरूच नयेत, असे २०१८ मध्ये स्पष्ट केले, कारण स्नायुबंध आणि मज्जातंतूंवर त्यांचे दीर्घकाळ टिकणारे दुष्परिणाम होऊ शकतात. बिस्मथ सबसॅलिसिलेट या पोटाच्या औषधाने काही अभ्यासांत जुलाबांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घटले होते, पण ते दिवसातून चार वेळा घ्यावे लागते, जीभ व शौच काळे होते, आणि ॲस्पिरिन न चालणाऱ्यांना तेही चालत नाही. उरते ते वाफाळते अन्न, उकळलेले किंवा सीलबंद पाणी, आणि बर्फाविषयी सावधपणा. गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत.

रानजाई, आपले पोट अजून अधूनमधून बिघडते, असे आपण लिहिले आहे, त्याविषयी दोन गोष्टी. जिवाणूजन्य जुलाबांनंतर काही लोकांत आतड्याची संवेदनशीलता वाढून महिनोन्महिने टिकणारा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा त्रास उद्भवतो. जिवाणू गेलेला असला तरी तो होतो, आणि त्यावर पुन्हा प्रतिजैविक देणे हे उत्तर नसते. मात्र तसे मानण्यापूर्वी अहवाल एकदा पुन्हा पाहावा. जुलाब दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळले तर जिवाणूंपेक्षा जिआर्डियासारख्या परजीवींची शंका आधी घ्यावी लागते, आणि काही पीसीआर संचांत केवळ जिवाणूंचीच तपासणी असते. आपल्या अहवालात जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम आणि सायक्लोस्पोरा यांच्यापुढे आढळले नाही असे स्पष्ट छापले आहे का, हे पाहावे. ती नावेच नसतील तर त्यांची वेगळी तपासणी करण्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हातापायांत मुंग्या येऊन चढत जाणारी अशक्तता जाणवली, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित, साधारण हजारात एकाला, गिलन-बारे हा मज्जातंतूंचा आजार होतो आणि तो बहुधा जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत सुरू होतो.

रानजाई

अहवाल काढून पाहिला. त्यात जिवाणू आणि विषाणूच आहेत. परजीवींची नावे नाहीत. मुंग्या किंवा अशक्तता नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन वेगळ्या तपासणीविषयी विचारते आणि निकाल आला की येथेच कळवते.